हंगामाचा खोकला

आज सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला. हंगामाचा पहिला. उन्हाळाभर आणि पावसाळाभर मुकं बसलेलं ते लोखंडी जनावर एकदम असं हंबरलं, की कडुलिंबावरची पाखरं उठली, कॉलनीतली कुत्री एका सुरात रडायला लागली आणि मी अर्ध्या दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून आरशासमोर हात जोडले. दरवर्षी जोडतो. बाहेरून कुणी पाहिलं तर त्याला वाटेल, हा माणूस स्वतःच्याच पाया पडतोय.

भोंग्याचा आवाज उसाच्या फडांवरून पसरत पातळ होत गेला. तो पुरता विरायच्या आत स्वयंपाकघरातून मंगल खोकली.

एकदाच.

वस्तरा हातातच राहिला. मी दुसऱ्या खोकल्याची वाट पाहत उभा राहिलो. नळाचं पाणी बादलीत पडत होतं, कढईत काहीतरी चुरचुरत होतं, यार्डाकडं कुणीतरी ट्रॅक्टर चालू करून बंद केला. दुसरा खोकला आला नाही. पण तो येणार नाही, असंही कुणी मला सांगितलं नाही. गालावरचा साबण वाळून कातडी ताणायला लागली, तेव्हा कळलं की आपण मघापासून श्वास धरून उभे आहोत.

मंगल माझी बायको. आणि मी म्हणजे आमच्या कारखान्याचा दुसरा भोंगा. ही पदवी लोकांनी दिलेली आहे, मी नुसती मिरवतो. उसाच्या गाड्या यार्डात येऊन रांगा लावतात, त्यांना नंबरानं वजनकाट्यावर बोलवायचं, हे माझं काम. एक पत्र्याची केबिन, एक माइक, आणि यार्डाच्या कोपऱ्याकोपऱ्यांना बांधलेले कर्णे. माझ्या आधीचा माणूस नुसते नंबर पुकारायचा. मला ते कसं जमावं? समोर एवढे प्रेक्षक, हातात माइक, आणि मी आकडे वाचू? "लक्ष द्या, लक्ष द्या! सोन्या आणि राजा ही केदारखेड्याची नामवंत जोडी, मालक मागं उसावर झोपलेले असताना, स्वतःच्या जबाबदारीवर काट्याकडं प्रस्थान करत आहे! कृपया वाट द्यावी!" टायरगाडीवरचा माणूस दचकून उठायचा, कासरा शोधायचा, आणि सगळं यार्ड हसायचं. साहेबांनी समज दिली. मी समज माइकवरूनच स्वीकारली.

यार्ड हसायचं ते ठीक. माझा खरा प्रेक्षक घरी होता. मंगल जालन्याची, वडील मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडतीवर कामाला. तिचं हसणंही मोंढ्यासारखं. आधी सगळं थंड, भाव फुटला की एकदम गलका. जेवायला घरी आलो की दिवसभराचं मी तिला करून दाखवायचो. जरा वाढवून सांगायचो, हे कबूल. सोन्या-राजाच्या मालकाला मी तिच्यापुढं गाडीवरून तीनदा पाडला असेल, प्रत्यक्षात तो नुसता घसरला होता. मंगल लाटणं बाजूला ठेवायची, एका हातानं पोट धरायची, दुसऱ्या हातानं मला थांबवायची. "बास, बास करा आता. पोळी जळून राह्यली!"

काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामात तिचं हसणं खोकल्यात संपायला लागलं. हसता हसता एक उबळ यायची, ती वाकायची, पदर तोंडाला लावायची, डोळे पुसत वर बघायची आणि म्हणायची, "मंग? पुढं काय झालं?" मी त्या उबळीकडं टाळी म्हणून बघत होतो. गोष्ट इतकी रंगली की बायकोला ठसका लागला, असं काट्यावर सांगत फिरायचो.

आता वाचणाऱ्याला वाटेल, हा माणूस बहिरा होता का? नव्हता. पण आमच्याकडं हंगामात खोकत नाही कोण? भोंगा वाजला की मळीचा आंबूस-गोड वास कॉलनीत मुक्कामाला येतो. चिमणीतून काळी भुरी उडते आणि दोरीवरच्या पांढऱ्या सदऱ्यावर येऊन निवांत बसते. चिपाडाचा भुसा हवेत तरंगत असतो, फडांमधून पाचट जाळल्याचा धूर येतो, त्यात सकाळची थंडी. शाळेत पोरं खोकतात, देवळात आरती खोकत खोकत पुढं सरकते. या खोकल्याला आमच्याकडं नाव आहे, हंगामाचा खोकला. भोंगा वाजला की सुरू आणि ऊस संपून पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की बंद. त्याला कुणी औषध घेत नाही, त्याची तक्रार करत नाही. उलट एखादा अजिबात खोकत नसेल तर लोक विचारतात, काय रे, कामावर येत नाहीस का?

सकाळी दाढी अर्धी टाकून मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"काय झालं?"

"कुठं काय?"

"खोकलीस."

"मिरचीचा ठसका लागला," तिनं मागं न बघता सांगितलं.

मी कढईत डोकावलो. मेथी होती. मेथीत मिरची होती. पण ठसका लागण्याइतकी होती का? मी वास घेऊन पाहिला, मला काही लागेना. तिनं झारा हातात धरून माझ्याकडं बघितलं. "अर्ध्या तोंडानं कढईत कामून पाहून राह्यले? साबण पडंल भाजीत."

मी हसलो. हसायचा माझा धंदाच आहे.

त्या वर्षी, हंगाम ऐन भरात असताना, एक पांढरी गाडी कॉलनीत आली होती. तिच्या पोटात छातीचा फोटो काढायचं यंत्र होतं. क्षयरोग कुठं किती आहे, याची मोठी पाहणी चालली होती. गावं निवडली होती, गावांतले भाग निवडले होते, आणि आमच्या कॉलनीत नंबर लागला तो पिंपळाच्या लाइनीचा, म्हणजे आमचा. टाकीची लाइन सुटली. टाकीच्या लाइनीत भागवतराव राहायचे. उभं आयुष्य बॉयलरवर काढलेला माणूस, आवाज माझ्याहून मोठा, फक्त माइक नाही.

ते तडक गाडीपाशी आले. पाहणीची प्रमुख होती डॉक्टर शाहीन, पोरसवदा वयाची, डोक्यावर ओढणी, गळ्यात ओळखपत्र.

"आमची लाइन कामून न्हाई?" भागवतराव म्हणाले. "टाकीकडं काय माणसं राहत न्हाईत?"

"असं नाही चाचा. चिठ्ठी काढावी तसा नंबर निघतो. तुमचा निघाला नाही."

"मी आख्खा जलम आगीपुढं काढला. माझा नंबर लागंना, अन् ह्या भोंगेरावाचा लागला? ह्यो तर नुसता बोलतो!"

"बोलणाऱ्यालाही छाती असते," मी म्हणालो.

"तुझी छाती राहू दे, जीभ तपासाय पाह्यजे. एवढं मोठं मशीन न्हाई त्यांच्याकडं."

रांग हसली. शाहीन मात्र समजावत राहिली. स्वतःहून येतो त्याला घेतलं, येत नाही त्याला सोडलं, तर सगळा हिशोब खोटा होईल, असं काहीसं. भागवतरावांच्या चेहऱ्यावर ते पोचत नव्हतं. तेव्हा रांगेतून मंगल बोलली.

"भाऊजी, मोंढ्यात पोत्याला नळी मारतात बघा, टोकदार. तिच्यात मूठभर दाणे निघतात, त्यावरून मालाचा भाव. काही जण वरच्या अंगाला चांगला माल भरून आणतात. म्हणून नळी कुठं मारायची ते मालकाला इचारत न्हाईत. कुठंबी मारायची."

शाहीन तिच्याकडं बघतच राहिली. "चाची, तुम्ही जालन्याच्या?"

"मोंढ्याच्या."

"या अल्ला! माझं घर मोंढ्याच्या मागंच आहे." आणि मग पाहणी बाजूला राहिली, कोणत्या गल्लीतली कोणती पिठाची गिरणी बंद पडली, यावर दोघी बोलत बसल्या.

"म्हंजे आम्ही वरचा चांगला माल व्हय?" भागवतरावांनी मधेच विचारलं. त्यांना खूश व्हावं की रागवावं, ते ठरत नव्हतं. तेवढ्यात त्यांना खोकला आला, चांगला लांबलचक. शाहीननं मान वळवली. "चाचा, पाहणीत नाही घेता येणार, पण ह्या खोकल्याला दवाखान्यात दाखवा. मी चिठ्ठी देते."

"ह्यो हंगामाचा हाय. अन् आवतण न्हाई तिथं भागवत जात न्हाई." असं म्हणून ते निघाले. आमच्याकडं मानपान मोठा. लग्नात ज्याच्या हातावर अक्षता ठेवून बोलावलं नाही, तो शेजारच्या मांडवातलं जेवण नाकाला वास येत असूनही घरी पिठलं खातो. भागवतरावांनी ती पाहणी लग्नासारखीच धरली. टाकीपर्यंत त्यांचा खोकला ऐकू येत होता.

मंगलची पाळी आली. टेबलामागं एक मुलगी प्रश्न विचारत होती.

"दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?"

"न्हाई."

"ताप? घाम?"

"न्हाई."

"वजन कमी झालंय?"

"झालं तर बरंच हाय की."

मी मागून हसलो, मंगल हसली, आणि हसता हसता तिला उबळ आली. मुलगी पेन थांबवून बघायला लागली. "मग हा?"

"हा हंगामाचा हाय," मंगल म्हणाली.

"हो हो, हंगामाचा," मी म्हणालो.

"हंगामाचाच," मागच्या दोघी-तिघी म्हणाल्या.

एवढ्या साक्षीदारांपुढं ती मुलगी काय करणार? तिनं 'नाही'वर खूण केली. आम्ही खोटं बोललो नव्हतो. आमच्या भाषेत तो खोकलाच नव्हता. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघं खरं बोलत होते, आणि दोघांच्या मधून एक अख्खा आजार पदर सावरून निघून चालला होता.

गाडीच्या पायरीवर शाहीन उभी होती. "चला चाची, फोटो."

"आता कामून? मला खोकला न्हाई म्हणले ना मी."

"जे नाही म्हणतात त्यांचाही काढायचा."

"मंग इचारलं कशाला?"

शाहीन हसली. "तेच शोधून राह्यलो आम्ही. विचारून किती कळतं अन् किती सुटतं."

मंगल आत गेली, बाहेर आली. मी आत गेलो. यंत्रापाशी उभं राहून मी विचारलं, "हसू का?" फोटो काढणारा म्हणाला, "श्वास रोखा." माझा एवढा हुकमी विनोद असा फुकट गेलेला मला आठवत नाही. बाहेर आलो तर मंगलच्या हातात एक झाकणाचा प्लास्टिकचा कप होता. सकाळी उठल्यावर आतून खोल खोकून बेडका काढायचा, नुसती थुंकी नको, असं तिला कुणीतरी समजावत होतं. मी माझा कप मागितला.

"तुम्हाला नको चाचा. फोटोत काही दिसलं त्यांनाच," शाहीन म्हणाली.

मी तिथं उभा होतो आणि माझ्या हातात काही नव्हतं. मंगल त्या कपाकडं बघत होती, एखाद्यानं चुकून दुसऱ्याचं पार्सल हातात द्यावं तशी.

त्यानंतरचे दिवस मला धुक्यासारखे आठवतात. हंगामाचं धुकं खरंच दाट असतं. गाड्यांचे दिवे पिवळे डाग होतात आणि बैलांची शिंगं आधी दिसतात, बैल नंतर. मी केबिनमध्ये बसून नंबर पुकारायचो आणि चुकीचे पुकारायचो. एकदा तर आधीच रिकामी होऊन गेलेली गाडी मी पुन्हा काट्यावर बोलावली. यार्डाला वाटलं, हाही विनोद. ते हसले. कर्ण्यांमधून ते हसणं परत माझ्याकडं आलं आणि मी माइक बंद केला. घरी गेलो की मंगल विचारायची, आज काय झालं? मी म्हणायचो, काही नाही, ऊस आला. मला तिला हसवायची भीती वाटायला लागली होती. हसली तर खोकेल, आणि खोकली तर मला ऐकावं लागेल.

शाहीन स्वतः घरी आली. आत नाही बसली, अंगणात बाजेवर बसली, मंगलला मोकळ्या हवेत समोर बसवलं. "चाची, टी.बी. आहे. लवकर सापडलाय. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, एक दिवस चुकवायचा नाही. बरा होतो, बिलकुल बरा होतो."

"पण मला तर हंगामाचाच," मंगल म्हणाली आणि तिथंच थांबली. मग तिनं विचारलं, "भांडी येगळी ठेवू का माझी?"

"कशाला? भांड्यांनी नाही पसरत. खिडक्या उघड्या ठेवा, तोंडावर रुमाल ठेवा, गोळ्या घ्या. अन् चाचांची पण तपासणी करू."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी घरात जाऊन खिडक्या उघडायला लागलो. एक खिडकी वर्षानुवर्षं रंगानं चिकटलेली होती. ती उघडेना म्हणून मी तिला अक्षरशः लाथा घातल्या. चिपाडाचा भुसा आत आला, मळीचा वास आत आला. येऊ दे म्हटलं.

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी मंगल मोरीतून बाहेर आली ती डोळे मोठे करून. "अहो, केशरी झाली!" म्हणजे लघवी. त्या गोळ्यांनी होतं तसं, शाहीननं सांगितलं होतं, पण सांगितलेलं वेगळं आणि बघितलेलं वेगळं. "रंगपंचमीला बाहेरून रंग आणायचा न्हाई यंदा," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. ती विनोद करत होती आणि मी गंभीर बसलो होतो, घर असं उलटं झालेलं होतं. मी घरात नुसते नंबर पुकारायला लागलो होतो. गोळी घेतली? शेंगदाणे खाल्ले? दूध घेतलं? झोप लागली? एका दुपारी तिनं ताटावरून हात उचलला.

"बोलत कामून न्हाई तुम्ही?"

"बोलतोय की."

"हे बोलणं हाय व्हय? मला टी.बी. झाला. तुम्हाला काय झालं?"

मला काय झालं होतं ते मी तिला सांगितलं नाही. मी पोत्याचा विचार करत होतो. त्या पाहणीला मंगलशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना अख्ख्या पोत्याचा अंदाज घ्यायचा होता, त्यासाठी कुठंतरी नळी खुपसली, आणि मूठभर दाण्यांत माझी मंगल निघाली. नळी चार हात पलीकडं, टाकीच्या लाइनीत शिरली असती तर? तर मंगल आजही हंगामाचा खोकला खोकत असती. किंवा नसती. केबिनमध्ये बसून समोरच्या शेकडो गाड्या बघताना हा विचार आला की पुढचा नंबर पुकारायचा राहून जायचा.

ती बरी झाली. वजन वाढलं, त्याबद्दल तिनं माझ्याशी भांडणसुद्धा केलं. भागवतरावांचा खोकला मात्र पट्टा पडल्यावरही थांबला नाही. पुढच्या हंगामात बेडक्यातून रक्त पडलं तेव्हा त्यांना उचलूनच नेलं. आजार बरा झाला, पण तोवर एका बाजूचं फुफ्फुस आकसून गेलं होतं. माझ्या केबिनला पायऱ्या आहेत, दहाच्या आतच असतील. ते खालूनच बोलतात. एकदा म्हणाले, "तवा नळी आमच्या पोत्यात मारायला पाह्यजे होती रे भोंगेराव." कर्णे बंद होते, तरी मला वाटलं सगळ्या यार्डानं ते ऐकलं.

मग एका हंगामात शाहीन पुन्हा आली, नुसती भेटायला. केबिनमध्ये चहा पीत तिनं सांगितलं, की जिथं जिथं पाहणी झाली तिथं तिथं हेच दिसलं. ज्यांच्यात आजार निघाला, त्यांतल्या पुष्कळांनी 'खोकला नाही' असंच सांगितलं होतं. कुणाला खरंच नव्हता, कुणाच्या लेखी तो खोकला नव्हता. "नुसतं विचारत बसलो असतो तर सगळे सुटले असते, चाचा. चाची पण."

"मंग आता?"

"आता आधी फोटो, मंग सवाल. अन् जिथं हंगामाला माणूस गोळा होतो तिथं नळी नाही मारायची. पूर्ण पोतं ओतायचं. ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्यांसकट." त्या वर्षी कोप्यांमधल्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांतल्या, लोकांना धरलंच नव्हतं, ते कायमचे राहणारे नव्हते म्हणून. त्याची खंत तिला अजून होती. "तिथं काय होतं ते आपल्याला कधीच कळणार नाही," ती म्हणाली आणि कपातला चहा तसाच राहिला.

तेव्हापासून हंगामाच्या तोंडाला गाडी येते. यंदा ती आजच, पहिल्या भोंग्याच्या दिवशी येणार होती. माझं काम आवतणाचं. माइकवरून मी सांगतोच, पण माइकवरचं आवतण ते सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नव्हे. म्हणून काल संध्याकाळी मी टोपी घातली, वाटीत कुंकू लावलेल्या अक्षता घेतल्या आणि टाकीच्या लाइनीपासून कोप्यांपर्यंत दारोदार फिरलो. "उद्या सकाळी मारुतीपुढं छातीचा फोटो आहे. सहकुटुंब यायचं. आहेर आणू नये." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कोप्यांपाशी एकानं मला जेवण काय आहे, असं विचारलं. भागवतरावांनी अक्षता मुठीत घेतल्या आणि बराच वेळ मूठ उघडलीच नाही. "आलं व्हय आवतण," ते म्हणाले. "जल्दी आलास."

म्हणजे काल मी असा मिरवत होतो. आणि आज सकाळी माझ्याच घरात खोकला आला.

मारुतीपुढं रांग होती. भागवतराव स्वतःचं स्टूल घेऊन सगळ्यांत पुढं बसले होते, नवरदेवाच्या मामासारखे. मंगलचा फोटो झाला. गाडीतला संगणक आता लगेच बघून सांगतो. त्यावरच्या माणसानं जरा जास्त वेळ पाहिलं. "जुना डाग आहे. नवीन काही दिसत नाही, पण डागाच्या आड काही असलं तर फोटोत कळत नाही." मग प्रश्नांचं टेबल. नवी मुलगी, प्रश्न तेच.

"खोकला?"

मी मंगलच्या मागं उभा होतो. तिच्या मानेवरची पांढरी बट वाऱ्यानं हलत होती.

"हाये," मंगल म्हणाली.

"सकाळी एकदाच," मी पुढं झालो. "मेथीत मिरची जरा..."

"तुम्ही गप बसा. तिनं मला इचारलं." मग मुलीकडं वळून, आवाज खाली आणून, "सात-आठ दिवस झाले असतील. हे घरी नसले की येतो. ह्यांच्यापुढं मी दाबून ठेवते. हंगामाचाच आसंल, बाई. पण हाये तर हाये. लिहून घ्या."

मुलीनं लिहून घेतलं. मी मंगलच्या पाठीकडं बघत राहिलो. सात-आठ दिवस. मी आरशापुढं हात जोडत होतो, दारोदार अक्षता वाटत होतो, आणि ही पदराआड खोकला गिळत होती, मी घाबरू नये म्हणून. भोंगा वाजत असताना तिनं तो सोडला असावा, आवाजाखाली झाकला जाईल या हिशोबानं. हिशोब थोडा चुकला, भोंगा आधी संपला.

तिच्या हातात पुन्हा तो कप आला. उद्या सकाळचा नमुना, मग एक-दोन दिवसांत निकाल. यंदा चिपाडाचा भुसा अजून उडायला लागला नव्हता, त्यामुळं हंगामावर ढकलायलाही जागा नव्हती. आम्ही देवळाच्या ओट्यावर उन्हात बसलो. यार्डात पहिल्या गाड्या लागत होत्या, माझी पाळी दुपारची होती. मंगलनं रिकामा कप मांडीवर ठेवला होता आणि त्यावर तळहात झाकला होता.

"सांगा ना कायतरी," ती म्हणाली.

"इथं?"

"मंग कुठं? त्या सोन्या-राजाचं सांगा."

"ते तर जुनं आहे. शंभरदा ऐकलंस."

"मालकाला मागच्या वेळेस तीनदा पाडलं होतं तुम्ही. बघू यंदा किती वेळा पाडता."

मी घसा साफ केला आणि तो साफ केल्याचीही मला भीती वाटली. मग सुरुवात केली. धुकं, गाडी, उसावर घोरणारा मालक, आणि ते दोन बैल, एकमेकांकडं बघून, मालकाला उठवायचं का न्हाई, यावर विचारविनिमय करणारे. हे बैलांचं बोलणं नवीन होतं, आत्ताच सुचलं. राजा म्हणतो, झोपू दे बिचाऱ्याला. सोन्या म्हणतो, आपण कधी झोपावं मंग? रांगेतली माणसं वळून ऐकायला लागली. मालक पहिल्यांदा पडला. मंगलचे खांदे हलायला लागले. दुसऱ्यांदा पडला, तेव्हा मोंढ्याचा भाव फुटला. तिनं एका हातानं पोट धरलं, दुसऱ्या हातात कप उंच धरला, सांडायला त्यात काही नव्हतं तरी.

तिचं हसणं ओसरत आलं. मी थांबलो. भागवतरावांनी स्टुलावरून मान वळवली, तेही थांबले. ओट्यावर ऊन होतं, यार्डात कुणीतरी माझ्या जागी नुसते नंबर पुकारत होतं. मी ऐकत होतो.

मंगलनं डोळे पुसले.

"काय ऐकून राह्यले?"

"काही न्हाई."

"मंग? पुढं काय झालं?"

पुढं काही झालं नव्हतं. गोष्ट तिथंच संपते, काट्यावर गाडी लागते आणि मालक उठतो. पण मी त्याला उठू दिलं नाही. बैलांना काट्याच्या पुढं काढलं, अंबडच्या रस्त्याला लावलं, जांब समर्थ गावच्या देवळापर्यंत नेलं, आणि अजून ते चालतच आहेत. मंगल कपावर हात ठेवून बसली आहे. मी सांगतो आहे.